क्लच वायर सारखी तुटते? आधी तुटलेलं टोक पाहा

आमची स्प्लेंडर २००४ सालची. कापसाच्या चुकाऱ्यातून वडिलांनी घेतली तेव्हा टाकीवर हिरो आणि होंडा अशी दोन्ही नावं होती. त्या दोन कंपन्या कधीच्याच वेगळ्या झाल्या, गाडी मात्र घरात आहे. इंजिन एकदा खोललं, चेन-स्प्रॉकेट कितीदा बदललं त्याचा हिशोब नाही, पण तिने रस्त्यात कधी सोडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या खरिपात मात्र चार महिन्यांत तिच्या तीन क्लच वायरी तुटल्या. (केबल हा शब्द डब्यावर छापलेला असतो. आमच्याकडे दुकानात जाऊन केबल मागितली तर दुकानदार आधी टीव्हीची समजेल.)

पहिली तुटली आषाढात, पाणंदीत. पाठीवर फवारणीचा पंप, चाकात काळ्या मातीचा चिखल इतका की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोट जाईना. पहिला गिअर टाकून क्लच दाबला आणि लिव्हर नुसता हँडलला येऊन चिकटला. दुसरी पोळ्याच्या आधी, खताची पोती आणताना. तिसरी दसऱ्याच्या आसपास, दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर, भर गर्दीत. आमच्याकडून शकुंतला रेल्वे कधीची बंद झाली, एसटी दिवसातून दोनदा, म्हणजे गाडी बंद तर आपणही बंद.

पहिल्या दोन्ही वेळा मी एकच केलं. जवळच्या दुकानातून मिळेल ती वायर घेतली, टाकली आणि 'आजकाल सगळा डुप्लिकेट माल' असं म्हणून घरी आलो. माल हलका होता यात वाद नाही. पण एकाच दुकानातली तीच वायर शेजारच्याच्या गाडीत वर्षभर चालते आणि माझ्या गाडीत पाच आठवडे, हे गणित काही जुळत नव्हतं.

तिसऱ्या वेळी गाडी ढकलत दिग्रस रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी नवी वायर काढायच्या आधी जुनी हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तुटलेलं टोक माझ्यासमोर धरलं.

"हे पाहा भाऊ. याच्यातल्या किती तारा काळ्या आन् किती चमकून राह्यल्या?"

मी पाहिलं. निपलच्या (तारेच्या टोकाची धातूची गोळी, जी लिव्हरच्या खाचेत बसते) अगदी मानेपाशी तार तुटलेली. आतल्या बारीक तारांपैकी तीन-चार टोकाला चांदीसारख्या चमकत होत्या, बाकी सगळ्यांची टोकं काळी, गंजलेली.

"काळ्या आधीच तुटल्या, महिना झाला आसन. चमकणाऱ्या आज तुटल्या. तुमी महिनाभर चार तारांवर गाडी चालवून राह्यले होते."

मग त्यांनी लिव्हरकडे बोट केलं. "वायरीले काही झालं नाही. तुमचा लिव्हर तिले खाऊन राह्यला."

त्या दिवशी जे कळलं आणि नंतर स्वतः करून पाहिलं, ते इथे लिहितो आहे. जुनी शंभर सीसीची गाडी असेल आणि वायर वर्षाच्या आत दुसऱ्यांदा तुटली असेल तर नवी घ्यायला धावण्याआधी जुनीचं टोक जपून ठेवा. कुठे तुटली यावरून का तुटली ते बरंचसं कळतं.

वरच्या निपलपाशी, म्हणजे हाताच्या लिव्हरजवळ तुटली असेल (दहातल्या बहुतेक इथेच तुटतात), तर वायरवर संशय नंतर घ्या. लिव्हर दाबला की तो बोल्टभोवती फिरतो, आणि त्याच्या खाचेतला गोल निपलही खाचेत थोडा फिरायला हवा, म्हणजे तार सरळ ओढली जाते. निपल जाम असेल तर फिरायचं काम तार करते. प्रत्येक दाबाला ती मानेपाशी थोडी वाकते, सोडलं की सरळ होते. पत्र्याची पट्टी मागेपुढे वाकवून तोडतात ना, अगदी तसंच. एकदा मी गावापासून दारव्ह्यापर्यंतच्या १४ किमीत क्लच किती वेळा दाबतो ते मोजलं होतं. खड्डे, गुरं, एक जुनं रेल्वेफाटक आणि बाजाराची गर्दी धरून ९० वेळा. जाऊन-येऊन १८०. महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेचार हजार वेळा तार त्याच एका जागी वाकते. मग पोलाद कितीही चांगलं असो.

माझ्या लिव्हरमध्ये तीन दोष एकत्र होते. बोल्टचं भोक झिजून लांबट झालेलं, त्यामुळे लिव्हर वरखाली डुलत होता आणि तार तिरकी ओढली जात होती. निपलच्या घरात जुनं ग्रीस आणि काळी माती मिळून सिमेंट झालेलं. आणि खाचेच्या कडेला एक धारदार ओठ आलेला, नखाने चाचपला तर नख अडकेल असा. काकांनी मला लिव्हर दाबायला लावला आणि स्वतः निपलवर बोट ठेवलं. निपल हलला नाही, मान वाकली. ते डोळ्यांनी दिसलं तेव्हा तीन वायरींचे पैसे कुठे गेले ते समजलं.

तुम्हीही हे घरी पाहू शकता. इंजिन बंद ठेवा, लिव्हर टोकाला धरून वरखाली हलवा. थोडी हालचाल जुन्या गाडीत असतेच, पण तो कटकट वाजत असेल तर बोल्ट आणि लिव्हर दोन्ही बदला. नुसता बोल्ट कसून उपयोग नाही. जास्त कसला तर लिव्हर परत यायला कुरकुर करतो आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. बाजारातला नवा लिव्हर घेतला तरी त्याच्या खाचेवर बोट फिरवून पाहा. हलक्या लिव्हरना ओतकामाची बारीक कड तशीच राहिलेली असते. बारीक पॉलिश पेपरने ती घासून टाका, निपलला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा आणि खाचेत बसवून तो बोटाने फिरतो का ते बघा. नवा निपल घरात घट्ट बसत असेल तर 'चालवून होईल ढिला' म्हणू नका. तो ढिला होईपर्यंत तार गेलेली असते.

खालच्या टोकाला, तार इंजिनवरची जी दांडी ओढते तिच्यापाशी तुटली तर दांडी जड झाली आहे असं समजा. कारण बहुतेक वेळा चिखल आणि पाणी. स्प्लेंडरचा क्लच उजव्या बाजूला आणि खाली, म्हणजे चिखल उडतो त्याच पट्ट्यात. दांडी जिथे इंजिनात शिरते तिथे गंज धरतो. दांडी परत ओढणारी स्प्रिंग असेल आणि ती तुटली किंवा निसटली असेल तर दांडी अर्ध्यात थांबते. काही वेळा क्लच प्लेट बदलताना जास्त कडक स्प्रिंगा टाकलेल्या असतात, 'पिकअप वाढतो' म्हणून. पिकअपचं माहीत नाही, हात दुखतो आणि वायर लवकर जाते, एवढं नक्की.

जडपणा वायरीत आहे की इंजिनात, हे ओळखायची रीत सोपी आहे. वायरचं खालचं टोक दांडीतून सोडवा. मग लिव्हर दाबा, किंवा आतली तार हाताने खालीवर ओढून पाहा. ती लोण्यासारखी सरकली तर वायर चांगली, दुखणं इंजिनात. ती अडखळत, खरखरत सरकली तर दुखणं वायरीत. उलट दांडी पकडीने हलवून पाहा. स्प्रिंगचा दाब लागेलच, पण हालचाल सलग हवी, मध्ये गचका नको. पाच मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण हे करत नाहीत. क्लच जड झाला की सरळ वायर बदलतात, आणि नव्या वायरनेही क्लच तितकाच जड राहिला की दुकानदाराला शिव्या देतात.

तारेवरच्या कव्हरच्या आत, मधोमध तुटली तर आत पाणी गेलं होतं, किंवा वायर कुठेतरी नको तशी वाकवली होती. हँडलला झिपटायने आवळून बांधलेली वायर मी अनेक गाड्यांवर पाहतो, 'लोंबत होती म्हणून बांधली.' हँडल वळवताना वायरला सरकायला जागा लागते, बांधली की ती तिथेच मोडत जाते. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही वेळा लिव्हरची ढील (ताण लागण्याआधीची मोकळी हालचाल) बघा. एका बाजूला ढील नाहीशी होत असेल, किंवा गाडी न्यूट्रलला असताना नुसतं हँडल वळवून लिव्हर ताठ होत असेल, तर वायर आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. सायलेन्सरचा पाइपही उजवीकडूनच जातो, म्हणून वायर त्याला कुठे टेकत नाही ना तेही पाहा. वरचं प्लास्टिक वितळून आतल्या नायलॉनच्या नळीला चिकटलं की मे महिन्यात क्लच जड आणि पहाटे हलका असा प्रकार होतो. मला हे भूत वाटलं होतं.

आणि तार अखंड, नुसता निपल निसटून आला, तर तो बनवणाऱ्याचा दोष. चांगल्या वायरीत टोकाच्या तारा फुलवून निपलच्या आत धरलेल्या असतात, त्यामुळे ओढ बसली तरी तार निपलमध्ये घट्ट अडकते. हलक्या मालात सरळ तारेवर धातू ओतून मोकळे. अशी वायर दुकानात परत न्या, वाद घाला. बाकी तीन प्रकारांत दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

आता खरेदीचं. शोरूमची वायर घ्यावी की बाहेरची, यावर चावडीवर दोन पक्ष पडतात. माझा अनुभव मधला आहे. लिव्हर बदलल्यावर मी मुद्दाम तीच, शंभराच्या आतली, लोकल वायर पुन्हा टाकली, खरंच कोण दोषी ते बघायला. ती अकरा महिने चालली. आधीची पाच आठवड्यांत तुटत होती, म्हणजे काकांचं म्हणणं खरं निघालं. पण त्या अकरा महिन्यांत दर पंधरा दिवसांनी मला अ‍ॅडजस्टर (तारेची ढील कमी-जास्त करायचा नट) फिरवायला लागला. तार लांबत होती असं मला वाटायचं. शेवटी काढून पाहिली तर तार थोडीच लांबली होती, वरच्या कव्हरमधली पोलादी गुंडाळी दबून आखूड झाली होती. क्लच दाबताना तारेवर ओढ बसते तेवढाच दाब कव्हरवर बसतो, हे आपण विसरतो. हलक्या वायरीत पैसे वाचवतात ते याच न दिसणाऱ्या जागी. तेव्हा हलकी वायर लगेच तुटेलच असं नाही, पण ती क्लचचा नेम रोज थोडा थोडा चुकवत राहते, आणि ते क्लच प्लेटला महागात पडतं.

दुकानात घ्यायला जाल तेव्हा जुनी वायर सोबत न्या. मॉडेलचं नाव सांगून घेतलेली वायर बरेचदा 'सगळ्यांना चालते' या जातीची असते. दोन्ही शेजारी ठेवून फक्त पूर्ण लांबी मोजू नका. कव्हर पूर्ण मागे सरकवून आतली तार बाहेर किती येते ते दोन्हींत सारखं आहे का बघा. तेच खरं माप. ते दीड-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे असेल तर अ‍ॅडजस्टर एका टोकाला जाऊन बसतो आणि पुढे जुळवायला जागाच उरत नाही. मग वायरचा ताटाएवढा गोल वेढा करा आणि आतली तार मागेपुढे ओढा. चांगली वायर वेढ्यातही सहज सरकते, हलकी करकरते. निपल बोटांत धरून हलवा, त्यात तार डुलता कामा नये. कव्हरच्या टोकाच्या धातूच्या टोप्या दाबून घट्ट बसवलेल्या हव्यात. खालच्या बाजूची रबरी टोपी आहे का, तेही बघा. लोकल वायरीला ती नसतेच किंवा कागदासारखी पातळ असते, आणि आपल्या चिखलात ती टोपीच वायरचं छप्पर आहे. जुन्या वायरची टोपी चांगली असेल तर ती काढून नव्याला घाला. मी हेच केलं.

शोरूमच्या डब्यात नेहमी शोरूमचाच माल असेल असंही नाही. छपाई पुसट, एमआरपीचं लेबल दुसऱ्या लेबलावर चिकटवलेलं, असा डबा दिसला तर बाजूला ठेवा.

बसवल्यावर ढील. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढी. तेवढी हालचाल झाल्यावर ताण लागायला सुरुवात झाली पाहिजे. ढील अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात. चौथ्या गिअरमध्ये चढावर एक्सलेटर दिला तर आवाज वाढतो, गाडी वाढत नाही. ढील जास्त असेल तर उलट, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना गाडी उडी मारते. नव्या वायरनंतर पहिल्या आठवड्यात एकदा पुन्हा जुळवावं लागतं, कारण सगळं आपापल्या जागी बसतं. त्यानंतर दर काही दिवसांनी ढील वाढत असेल तर सावध व्हा. कव्हर दबतंय किंवा निपलपाशी तारा एकेक करून तुटताहेत. लिव्हर दाबून निपलच्या मानेवर बोट फिरवा. एक जरी तार बोटाला टोचली तर त्याच दिवशी वायर बदला. मला पाणंदीतल्या त्या दिवसाआधी आठवडाभर बोटाला काहीतरी टोचत होतं. मी समजलो कुसळ.

तेलाबद्दल आमच्याकडे सगळे उदार असतात. जळकं इंजिन ऑइल, ग्रीस, कोणी खोबरेल. आत नायलॉनची नळी असलेल्या वायरला फार काही लागत नाही, आणि जाड ग्रीस तर नकोच, त्यात धूळ मिसळून पॉलिशची पेस्ट होते. नळी नसलेल्या जुन्या पद्धतीच्या वायरला पातळ तेल हवं. वरचं टोक सोडवा, कव्हरच्या तोंडाला पॉलिथिनच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधा, त्यात चमचाभर पातळ तेल टाका आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालून थेंब आला की झालं. खालून काळं पाणी आलं तर वायरचे दिवस भरले. डिझेल किंवा रॉकेलने आतून धुवू नका, असलेलं वंगणही निघून जातं. आणि वॉशिंग सेंटरवाल्या पोराला सांगा, पाण्याचा फवारा लिव्हरच्या तोंडावर मारू नको. चिखल निघतो, पण पाणी वायरच्या आत जाऊन बसतं. पावसाळ्यात मी आता गाडी बादलीनेच धुतो.

रस्त्यात तुटलीच तर काय? गावातला वेल्डर तुटक्या टोकाला वॉशर वेल्डिंग मारून देतो. तसं करू नका. इतक्या उष्णतेने पोलादाचा ताठपणा जातो, सांध्याच्या शेजारीच तार पुन्हा तुटते, बहुतेक दोन दिवसांत. स्क्रूचा निपल मिळतो, तो घरी पोहोचण्यापुरता ठीक, पण तोही पक्कडीने नीट आवळला तरच. सायकलच्या ब्रेकची तार बारीक पडते, पाच-दहा किमी निघतात. माझा उपाय वेगळा आहे. नवी वायर टाकताना चांगल्या अवस्थेतली जुनी फेकत नाही, ती नव्या वायरीच्या कडेने त्याच वाटेने सैल बांधून ठेवतो, टोकांना पिशवी गुंडाळून. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांत गाडी चालू. फवारणीच्या दिवसांत डिक्कीत एक पक्कड आणि पाना असतोच.

काहीच नसेल तर क्लचशिवायही घर गाठता येतं, पण रिकाम्या रस्त्यावरच. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, गाडी ढकलून थोडा वेग घ्या, वर बसा आणि पहिला गिअर टाका. गचका बसेल. पुढचे गिअर एक्सलेटर पूर्ण सोडून क्षणात टाकायचे. थांबायच्या आधी न्यूट्रल शोधायचं, आणि मागे कोणाला बसवायचं नाही. बाजारात, बसस्टँडवर हे करू नका. मी केलं होतं, एका हातगाडीवरच्या केळ्यांचे पैसे द्यावे लागले.

अकरा महिन्यांची लोकल वायर काढून मी कंपनीची टाकली, येत्या पोळ्याला तिला दोन वर्षं होतील. काकांना सांगितलं तर ते हसले आणि लिव्हर धरून वरखाली हलवला. थोडा डुलतोय. बोल्ट आणलाय, उद्या सकाळी ओलीत द्यायला जायच्या आधी टाकतो.